अळी कुणाची?
सागरी माशांतील परजीवी अळ्यांच्या जनुकीय ओळखीची प्रस्तावना

पावसाळा ओसरू लागला की वर्ध्याच्या आसपासच्या वावरांत एक दृश्य हमखास दिसते. पऱ्हाटी पात्या-फुलांवर आलेली असते आणि शेतकरी ओळीओळीने फुले तपासत चाललेला असतो. पाकळ्या मोकळ्या उमललेल्या नसतील, एकमेकींत अडकून कळीसारख्या मिटून राहिल्या असतील, तर ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी आहे, हे तो फूल न उघडताच सांगतो. अमेरिकन बोंडअळी अर्धे अंग बाहेर ठेवून बोंड खाते आणि बाहेर विष्ठा टाकते. गुलाबी अळी मात्र कोवळ्या बोंडात शिरते, तिच्या मागे छिद्र बुजून जाते आणि बोंड वरून धडधाकट दिसत राहते. त्यात ती लहानपणी गुलाबी नसतेच, पांढुरकी असते. नाव चुकले की फवारणी चुकते, आणि फवारणी चुकली की हंगाम जातो. २०१७ मध्ये विदर्भाने हे पुरेपूर भोगले आहे.

तरी शेतकऱ्याच्या हाती एक खात्रीचा उपाय असतो. शंका आली तर अळी बोंडासकट डबीत ठेवायची आणि पतंग बाहेर येईपर्यंत थांबायचे. अळी कुणाची, ते पतंग सांगतो.

या प्रस्तावनेतून ज्या विषयाच्या दारात तुम्हाला आणून सोडायचे आहे, त्या विषयाची सारी अडचण एवढीच आहे की इथे डबी चालत नाही. समुद्रातल्या माशाच्या पोटात सापडलेली अळी मोठी होऊन कोण होणार, हे पाहायचे तर तिला बहुधा देवमाशाचे नाही तर डॉल्फिनचे पोट हवे. ते आपण प्रयोगशाळेत कुठून आणणार? म्हणून पुढे काय होणार याची वाट न पाहता, अळीच्या आत आधीच लिहून ठेवलेले वाचायचे, असा मार्ग माणसाने काढला. तो मार्ग कसा सापडला, तो कुठवर नेतो आणि कुठे फसवतो, हे सांगण्यासाठी ही पाने आहेत.

वर्ध्यात बसून समुद्रातल्या माशांवर लिहायचे हे काहींना विचित्र वाटेल. रेल्वेच्या मार्गाने मुंबईचा समुद्र इथून साडेसातशे किलोमीटरहून लांब आहे. धाम नदी आणि बोर धरण हे आमचे पाणी; मरळ, रोहू, कटला, वाम हे आमचे मासे. पण आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील पिढ्यान्पिढ्या येत आलेत, आणि हल्ली बर्फाच्या पेट्यांतून ओला समुद्रही येतो. माझी या विषयाशी गाठ पडली ती अशाच एका पेटीतल्या वाकटीमुळे.

वर्गात माशाची शरीररचना दाखवायची होती. रुपेरी पट्ट्यासारखी ती लांबलचक वाकटी ट्रेमध्ये मावेना, म्हणून शेपूट दुमडून ठेवली. पोट उघडले तर यकृतावर आणि आतड्याच्या पडद्यावर पाच-सहा पांढऱ्या चकत्या चिकटलेल्या. प्रत्येक चकती मसुराएवढी, जुन्या चावीच्या घड्याळातल्या कमानीसारखी सपाट वळी घातलेली. वरचे पातळ आवरण सुईने फाडून एक चकती कोमट मिठाच्या पाण्यात सोडली. मिनिटभर काहीच झाले नाही. मग वळी सैल झाली, दोन सेंटिमीटरभर लांबीचा, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड जीव उलगडला आणि डोके हलवून काहीतरी शोधू लागला. मागच्या बाकावरची मुलेही पुढे आली. एकीने विचारले, "सर, हे कशाचं पिल्लू?"

मला उत्तर देता आले नाही. त्याहून वाईट म्हणजे, पुढे कधी देता येईल ही शक्यताही मी त्याच दुपारी घालवली. सवयीने मी ती अळी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली. हे असे का म्हणतो, ते पुढे येईल.

सूक्ष्मदर्शकाखाली अशा अळीचे काय दिसते? डोक्याशी एक बारीक दात असतो, ऊतक भोसकून वाट काढण्यासाठी. ओठ अजून नीट घडलेले नसतात. अन्ननलिकेच्या शेवटी एक जाड ग्रंथिल भाग असतो. त्याला पुढच्या किंवा मागच्या दिशेला बोटासारखा फुटवा आहे का, हे पाहायचे. कसलाच फुटवा नसेल आणि शेपटीच्या टोकाला इवलासा काटा असेल, तर अळी अ‍ॅनिसाकिस वंशातली असण्याची दाट शक्यता. दोन्ही दिशांना फुटवे असतील तर काँट्रासीकम किंवा हिस्टेरोथायलेशियम यांकडे वळायचे. इथपर्यंत डोळा नेतो. नॉर्वेच्या बर्लंड यांनी १९६१ मध्ये तिथल्या सागरी माशांतल्या अळ्या अशाच बारकाईने पाहून त्यांचे प्रकार पाडले, आणि आजही नवा विद्यार्थी सुरुवात तिथूनच करतो.

त्याच्या पुढे डोळा थांबतो. गोलकृमींच्या जाती ओळखायच्या त्या मुख्यतः प्रौढ नराच्या शेपटीवरून: तिथल्या काट्यांची लांबी, तिथल्या उंचवट्यांची मांडणी. अळीला यातले काहीच फुटलेले नसते. विवाहाच्या बाजारात कुळ-गोत्र विचारावे आणि समोर पाळण्यातले बाळ असावे, तशी गत होते. कुळापर्यंत सांगता येते, माणूस सांगता येत नाही.

मग जातीपर्यंत जायचे तरी कशाला? माशाच्या पोटात जंत आहे, साफ करून फेकून द्यावा, विषय संपला, असे म्हणता येईल. पण अळीच्या नावात तिचा सारा प्रवास दडलेला असतो. अ‍ॅनिसाकिसची अंडी देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या विष्ठेबरोबर पाण्यात येतात. अळ्या बाहेर पडतात आणि कोळंबीच्या कुळातले क्रिलसारखे बारीक जीव त्यांना गिळतात. ते जीव मासा खातो, माकूल खाते. लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो आणि अळीही पोशिंदा बदलत पुढे सरकते, न वाढता, वळी घालून. शेवटी तो मासा डॉल्फिनने खाल्ला की तिची वाट पाहणे संपते. जठरात ती दोनदा कात टाकते, नर किंवा मादी होते आणि चक्र पुन्हा सुरू होते. काँट्रासीकमच्या पुष्कळ जातींचे शेवटचे घर पाणकावळ्यासारख्या मासेखाऊ पक्ष्यांचे पोट आहे. हिस्टेरोथायलेशियम तर माशातच प्रौढ होतो. कापलेल्या बोटभर माशात तुम्हाला जी अळी दिसते, ती आसपास डॉल्फिन आहे की पाणकावळे आहेत, याची बातमी घेऊन आलेली असते. नाव कळले तरच ती बातमी वाचता येते.

या साखळीत माणूस चुकून शिरतो. १९६० मध्ये नेदरलँड्सच्या व्हान थील आणि सहकाऱ्यांनी एक गूढ उकलले. हलके खारवलेला कच्चा हेरिंग मासा खाणाऱ्या लोकांना पोटात भयंकर कळा येत, शस्त्रक्रिया करावी लागे, आणि आतड्याच्या सुजलेल्या भिंतीत अळी रुतलेली सापडे. तिला डॉल्फिनचे पोट हवे होते, मिळाले माणसाचे. ती तिथे प्रौढ होऊ शकत नाही, पण भिंत भोसकायचा प्रयत्न मात्र करते. १९६८ मध्ये त्या देशाने असा मासा आधी गोठवण्याचा नियम केला आणि रोग झपाट्याने ओसरला. जपानमध्ये, जिथे कच्चा मासा रोजचा, तिथे हे दुखणे आजही सर्वाधिक आढळते. आपल्याकडे वाकटी, बांगडा किंवा राणीमासा तव्यावर नाही तर कालवणातच जातो, आणि साठ अंशांच्या वरच्या उष्णतेत अळी लगेच मरते. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. तरी एक लक्षात ठेवावे: मेलेल्या अळीतली काही प्रथिने शिजवूनही टिकतात आणि काहींना त्यांचीच अ‍ॅलर्जी होते. शिवाय सगळ्या जाती सारख्या नाहीत. अ‍ॅनिसाकिस सिम्प्लेक्सच्या अळ्या माशाच्या मांसात जितक्या शिरतात, तितक्या तिच्या अगदी जवळच्या बहिणीच्या, अ‍ॅनिसाकिस पेग्रेफीच्या, शिरत नाहीत. दिसायला मात्र दोघींच्या अळ्यांत फरक करता येत नाही.

दिसायला सारख्या अळ्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न वर्ध्याला परका नाही. फक्त आमच्याकडे तो माशाच्या ऐवजी डासातून आला.

आमचा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला. पाय सुजून हत्तीपाय झालेली माणसे जुन्या पिढीने गावोगाव पाहिली आहेत. या रोगाचा कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतो आणि त्याची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात उतरतात. म्हणून रक्त घ्यायला आरोग्य कर्मचारी कंदिलाच्या काळापासून रात्रीच गावात येत आले. दिवसा घेतलेल्या थेंबात बहुधा काही सापडत नाही. ही पिल्ले रक्तात असतात हे टिमोथी लुईस यांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात दाखवले. पाच वर्षांनी चीनच्या अमोय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी एका रुग्णाला डास चावू दिले, मग ते डास उघडून पाहिले आणि पिल्ले आत वाढत असल्याचे त्यांना आढळले. डास पाण्यात पडून मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असा त्यांचा समज झाला होता. अळी डासाच्या सोंडेपर्यंत पोचते हे १९०० मध्ये जॉर्ज लो यांनी दाखवले, तेव्हा कुठे साखळी पुरी झाली.

इथे भाषेचीही एक गंमत आहे. गटारात वळवळणारी ती डासाची अळी, आणि डासाच्या पोटात वाढणारी ती कृमीची अळी. गावात बोलताना दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे नवा कार्यकर्ता पहिल्याच सभेत गोंधळतो.

रक्तातल्या पिलाची ओळख डोळ्याने पटते. वुचेरेरियाच्या शेपटीच्या टोकापर्यंत केंद्रके पोचत नाहीत. त्याच्या चुलत भावाच्या, ब्रुगिया मलायीच्या, टोकाशी दोन केंद्रके सुटी दिसतात. गोठ्यात पकडलेल्या डासात अळी सापडली की मात्र गोष्ट अवघड होते. गुरांच्या पोटात राहणाऱ्या सेटारिया कृमीच्या अळ्याही डासांतूनच पसरतात, कुत्र्यांच्या डायरोफिलारियाच्याही. सरावलेला तज्ज्ञ त्या वेगळ्या काढू शकतो. पण शेकडो डास एकेक करून कापायचे, आणि सुईखाली अळी तुटली तर हाती काही उरत नाही. १९९६ मध्ये वुचेरेरियाच्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणारा एक छोटा तुकडा हेरून त्यावर पीसीआर चाचणी (या युक्तीची गोष्ट पुढे येईल) बेतली गेली. मग वीस-पंचवीस डास एकत्र वाटायचे आणि त्या लगद्याला एकच प्रश्न विचारायचा: तो तुकडा तुझ्यात आहे का? बैलाची अळी गप्प राहते, माणसाची उत्तर देते.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. त्यांनी कृमीची पिल्ले शरीराबाहेर पोषक द्रवात जिवंत ठेवली, ती त्या द्रवात जी प्रथिने सोडतात ती गोळा केली, आणि त्यांच्या आधारे रुग्णाच्या रक्तातली लागण ओळखणाऱ्या चाचण्या बसवल्या. ही जनुकाची परीक्षा नव्हती. पण विचार तोच होता. जीव नजरेला पडत नसेल किंवा नजरेला पुरत नसेल, तर त्याची सही शोधा. सेवाग्रामात ही सही शोधायला जे शिकले, त्यांना समुद्रातल्या अळीची भाषा परकी वाटायचे कारण नाही.

सागरी अळ्यांची सही पहिल्यांदा नीट वाचली गेली ती प्रथिनांतूनच. १९८६ मध्ये इटलीतल्या नासेट्टी, मात्तिउच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमध्य समुद्रातल्या आणि ईशान्य अटलांटिकमधल्या माशांतून अ‍ॅनिसाकिसच्या अळ्या गोळा केल्या, त्यांची एन्झाइमे विजेच्या दाबाखाली जेलमधून पळवली, आणि ज्याला सारे जग अ‍ॅनिसाकिस सिम्प्लेक्स या एकाच नावाने ओळखत होते, त्यात परस्परांशी संकर न करणाऱ्या दोन जाती असल्याचे दाखवले. त्यातल्या एकीसाठी नवे नाव शोधावे लागले नाही. १९५५ मध्ये कुणीतरी डोळ्याने वेगळे काढलेले आणि पुढे रद्दीत गेलेले पेग्रेफी हे नाव तिथे चपखल बसले. एन्झाइमांनी एका जुन्या, न ऐकलेल्या साक्षीदाराला खरे ठरवले. आज या वंशात नऊच्या आसपास जाती मानल्या जातात. त्यांपैकी काहींच्या नावांत बर्लंड, पाज्जी आणि नासेट्टी हे अभ्यासकच राहायला गेले आहेत. आयुष्यभर ज्यांनी अळ्यांची नावे शोधली, त्यांची नावे अळ्यांना मिळाली.

एन्झाइमांच्या पद्धतीला ताजी किंवा गोठवलेली अळी लागते. पीसीआरने ती अट सैल केली. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना सुचलेली ही युक्ती आहे. डीएनएचे दोन धागे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव अंशांवर सोडवायचे, थंड करून हव्या त्या जागेच्या दोन्ही टोकांना प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तयार तुकडे, बसू द्यायचे, बहात्तर अंशांवर नवे धागे विणायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. दर फेरीत तुकडे दुप्पट. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे हिशेबाने १०७ कोटी होतात. उकळत्या पाण्याजवळच्या या उष्णतेत न बिघडणारे, नवे धागे विणणारे एन्झाइम अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूकडून मिळाले.

वाढवायचा तुकडा कोणता, हा खरा कसबाचा भाग. पेशीतली प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमची जनुके एकामागे एक रांगेत असतात आणि त्यांच्या मध्ये मोकळ्या जागा असतात. जनुके स्वतः फारशी बदलत नाहीत, कारण ती बदलली तर जीवच चालणार नाही. मधल्या जागेत मात्र चुका साचत जातात, कुणी त्या दुरुस्त करत नाही, आणि जाती वेगळ्या झाल्या की या चुकाही वेगळ्या होत जातात. प्रायमर न बदलणाऱ्या जनुकांवर बसवायचा आणि त्यांच्यामधली बदलती जागा वाढवायची, हीच ती युक्ती. शिवाय ही रांग पेशीत कितीतरी प्रतींत असते, त्यामुळे एका बारीक अळीचा छोटा तुकडाही पुरतो.

एक उदाहरण जवळून पाहू. २००० मध्ये द'अमेलियो आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनिसाकिसच्या या मधल्या जागेचा सुमारे हजार अक्षरांचा तुकडा वाढवला आणि तो अक्षरांच्या ठरावीक जुळणीवरच कापणाऱ्या एन्झाइमांच्या हवाली केला. त्यांतल्या हिन्फ-वन नावाच्या कात्रीने सिम्प्लेक्सचे तीन तुकडे होतात: साधारण ६२०, २५० आणि १०० अक्षरांचे. पेग्रेफीचेही तीनच, पण ३७०, ३०० आणि २५० चे. उष्ण समुद्रांत राहणाऱ्या अ‍ॅनिसाकिस टिपिकाचे फक्त दोन, ६२० आणि ३५०. जेलवर या तुकड्यांच्या आडव्या रेघा उमटतात. ज्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या वाटत होत्या, त्या इथे शिधापत्रिकेवरच्या नावांसारख्या वेगळ्या वाचता येतात. ना मोठ्या यंत्राची गरज, ना अक्षरन् अक्षर वाचून घेण्याचा खर्च. साध्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही हे जमण्यासारखे आहे, आणि म्हणूनच नवशिक्याला मी आधी ही पायरी चढायला सांगतो. अक्षरे वाचण्याची, मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांची आणि वंशवृक्ष काढण्याची पायरी त्यानंतरची.

एकदा नावे कळू लागली की अळ्या भलत्याच कामाला येतात. दोन ठिकाणी पकडलेला एकाच जातीचा मासा एकाच कळपातला आहे की वेगळ्या, हे त्याच्या पोटातल्या अळ्यांवरून सांगता येते. दोन्हीकडे जाती वेगळ्या असतील, तर त्यांचे चरायचे पाणी वेगळे. कुणीही न लावलेले बिल्लेच ते. मासेमारीचे नियोजन करणारे त्यांचा उपयोग करून घेतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवावा. तसे वाटू नये, हेच या प्रस्तावनेचे मुख्य सांगणे आहे.

जनुक आपल्याला नाव सांगत नाही. ते फक्त एवढेच सांगते की ही अळी अमक्या नमुन्यासारखी आहे. त्या नमुन्याचे नाव कुणीतरी, कधीतरी, प्रौढ कृमी समोर ठेवून, नराची शेपूट तपासून ठरवलेले असते. ते चुकले असेल तर अक्षरन् अक्षर जुळूनही आपण चुकतोच, आणि जास्त आत्मविश्वासाने चुकतो. सार्वजनिक जनुकसंग्रहांत अशी चुकीच्या नावाची नोंद एकदा शिरली की पुढचे दहा जण तिच्याशी जुळवून आपापल्या अळ्यांना तेच नाव देतात. शेतकऱ्याच्या डबीत शेवटचा शब्द पतंगाचा असतो. आमच्याकडे तो प्रौढ कृमीचा. जनुक हा अळी आणि प्रौढ कृमी यांना जोडणारा दुवा आहे.

याचे उदाहरण घरातलेच आहे. भारतातल्या माशांतून पट्टकृमींच्या जातींमागून जाती वर्णिल्या गेल्या. कुणी सुकून आक्रसलेला नमुना पाहिला, कुणी जास्त दाबलेला, आणि दर वेळी नवे नाव पडले. शिवड्यासारख्या मिशाळ माशांतल्या गँजेशिया या वंशाची तर डझनावारी नावे झाली होती. २०१२ मध्ये भारतीय आणि युरोपीय अभ्यासकांनी मिळून जुने मूळ नमुने पुन्हा तपासले, नवे गोळा केले, जनुकाची साक्ष काढली आणि आपल्या भागातल्या गँजेशियाच्या चारच जाती खऱ्या मानल्या. हे त्या जुन्या अभ्यासकांना हसण्यासाठी सांगत नाही. त्यांनी नमुने जपून ठेवले होते, म्हणूनच चूक दुरुस्त करता आली. नमुना राहिला नसता तर फक्त वाद राहिला असता.

जनुकाची आणखीही एक मर्यादा आहे. सिम्प्लेक्स आणि पेग्रेफी जिथे एकाच पाण्यात भेटतात, तिथे काही अळ्यांच्या जेलवर दोघींच्याही रेघा एकत्र उमटतात. हा दोन जातींचा संकर, की दोघी एकाच पूर्वजापासून निघाल्याचा जुना अवशेष? मायटोकॉन्ड्रियाचे जनुक फक्त आईकडून येते, ते बापाबद्दल मौन बाळगते. अनेक जनुके एकत्र वाचल्याशिवाय याचा निवाडा होत नाही, आणि त्यावर आजही वाद चालू आहे. नव्याने येणाऱ्याला करण्यासारखे पुष्कळ उरले आहे, याचा हा पुरावा समजावा.

अरबी समुद्रापुरते बोलायचे तर काम आणखीच मोकळे पडले आहे. इथे अळ्या भरपूर, प्रौढ दुर्मिळ. डॉल्फिनांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण कवच आहे, आणि ते असायलाच हवे. त्यामुळे प्रौढ कृमी मिळायचा तो किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यातून, वनखात्याच्या परवानगीने आणि कुजण्याआधी. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ कुबडे डॉल्फिन वावरतात. त्या जिवांच्या जठरात कोण राहते हे ठरले, की वाकटीतल्या आणि राणीमाशातल्या अळ्यांना आपसूक आडनाव मिळेल. पट्टकृमींची वाट त्या मानाने सोपी. सोंडेवर काटे असलेल्या ज्या पट्टकृमींच्या अळ्या मोठ्या माशांच्या मांसात सापडतात, त्यांचे प्रौढ मुशी आणि पाकट यांच्या आतड्यांत असतात, आणि हे मासे कोकणातल्या लिलावात रोज उतरतात. तिथे फेकून दिलेली आतडी ही या विषयाची खाण आहे. विदर्भातला विद्यार्थी सुट्टीत रत्नागिरीला गेला, तर त्याने हापूस आंब्याबरोबर एक आतडेही पाहून यावे.

आता ती फॉर्मॅलिनची गोष्ट. आमच्या पिढीने प्राणिशास्त्र शिकले ते फॉर्मॅलिनच्या वासात. नमुना कडक होतो, वर्षानुवर्षे टिकतो, पोरांना दाखवता येतो. पण फॉर्मॅलिन पेशीतली प्रथिने आणि डीएनए यांना एकमेकांत शिवून टाकते आणि डीएनएचे तुकडे पाडते. त्यात वर्षभर मुरलेल्या अळीचे जनुक वाचायला जाणे म्हणजे भिजून एकजीव झालेल्या वहीची पाने सुटी करण्यासारखे आहे. महाविद्यालयांच्या कपाटांत अशा किती बाटल्या असतील, याचा विचार करून हळहळ वाटते.

म्हणून इथे येणाऱ्याने पहिले पाठ करायचे ते असे. मासा घेतला की विक्रेत्याला तो कुठल्या बंदराचा ते विचारावे. नाही कळले तर तसे लिहावे. माशाची लांबी मोजावी. अळी यकृतावर होती, आतड्यावर होती की मांसात, हे काढण्याआधी टिपावे, कारण एकदा काढली की ते कुणी सांगू शकत नाही. मिठाच्या पाण्यात धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, चित्र काढून मग तिचे तीन भाग करावेत. डोके आणि शेपूट वेगळ्या नळीत जपून ठेवायचे. ओळखीच्या खुणा सगळ्या तिथे आहेत. मधला तुकडा जनुकाला द्यायचा. तिन्ही भाग तीव्र अल्कोहोलमध्ये, आणि आत चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहिलेली. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि वर्षभराने नळीत निनावी अळी उरते. डोके-शेपूट आणि जनुकाचा क्रम यांना एकच क्रमांक द्यायचा. उद्या कुणी म्हणाले की तुमचे नाव चुकले, तर त्याला दाखवायला काहीतरी हातात हवे.

पुढे येणाऱ्या प्रकरणांत हे सारे पायरीपायरीने आहे. आधी अळी शोधणे आणि पाहणे, मग डीएनए काढणे आणि वाढवणे, मग रेघा वाचणे, आणि शेवटी या साऱ्याचा अर्थ लावणे. क्रम बदलू नका अशी विनंती आहे. पाहणे टाळून थेट रेघांवर उडी मारणारा विद्यार्थी मी ओळखतो, कारण त्याच्या नळीत डोके-शेपूट नसते.

त्या वाकटीतल्या अळीची बाटली अजून माझ्या कपाटात आहे. चिठ्ठीवर तारीख आहे, माशाचे नाव आहे, यकृत असे लिहिले आहे, आणि शेवटी 'अ‍ॅनिसाकिस' लिहून पुढे टिंबे. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिला त्यापुढचे उत्तर मी आजही देऊ शकत नाही. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी ती बाटली मेजावर ठेवतो, आणि शेजारी अल्कोहोलची रिकामी नळी व एक शिसपेन्सिल.